जळाल्यावरची ताकद

(दृश्य : लाडबोरी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. उन्हाळ्यातल्या रिकाम्या धानाच्या बांध्या.)

२ एप्रिल २०२२. संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे सरकत गेले आणि या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. आसपासच्या शिवारांत गोल टाक्या सापडल्या. अभ्यासकांच्या मते तो चिनी लाँग मार्च रॉकेटचा वरचा टप्पा होता. त्याला सुखरूप उतरवायचं नव्हतंच, म्हणून त्याला उष्णतेपासून वाचवणारं कवचही नव्हतं.

माणसं घेऊन परतणाऱ्या यानाला मात्र कवच लागतं, आणि बहुतेकदा ते जळावं म्हणूनच बनवतात. अशा अनेक कवचांत कार्बन किंवा सिलिकाच्या धाग्यांत फिनॉलिक रेझिन, म्हणजे एक कृत्रिम राळ, मुरवलेलं असतं. तापलं की रेझिनचा वायू होतो, बाहेरची उष्णता थोपवत निघून जातो आणि मागे कोळशाचा थर उरतो. पुढची झळ हा थर सोसतो.

चुलीत विझलेली तुराटी हातात घ्या. आकार शाबूत, पण चिमटीत दाबली की भुगा. कवचाचा कोळसा असा ठिसूळ निघाला, तर तप्त वायूचा झोत तो खरवडून नेईल. म्हणून ताकद मोजायची ती जळाल्यावरची. नमुना नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या भट्टीत, हवा लागू न देता जाळतात. मग यंत्राखाली दाबतात, वाकवतात, किती बलाला तो फुटतो ते नोंदवतात.

माझ्या मते खरी कसोटी जाळण्याच्या रीतीत आहे. सावकाश तापवलेल्या आणि झटक्यात तापवलेल्या नमुन्याचा कोळसा सारखा नसतो.

डिसेंबर २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेचं ओरायन यान सुखरूप उतरलं, पण कवचाचा कोळसा १०० हून अधिक ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी निघाला होता. यान वातावरणात शिरलं, वर उसळलं, पुन्हा शिरलं. मधल्या वेळात बाहेरची धग उतरली, तरी आत वायू तयार होतच राहिला. ॲव्हकोट नावाच्या त्या कवचातून त्याला वाट मिळेना. दाब वाढला, भेगा पडल्या. उड्डाणाआधीच्या चाचण्यांत उष्णता याहून तीव्र होती. त्या धगीत कोळसा सच्छिद्र होई आणि वायू निसटून जाई. नासाच्या अभियंत्यांनी पुढे उड्डाणातल्यासारखीच, कमी धग देऊन पाहिली, तेव्हा कुठे प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर तशाच भेगा उमटल्या.