चार ओळींतले खापरपणजोबा

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं: 'खापरपणजोबा इंग्रजांविरुद्ध उठले आणि तुरुंगात गेले.' कुठे, कधी, हे कुणी विचारायचं नाही. निवृत्त झाल्यावर मी विचारलं.

आत्याला गाव माहीत होतं, पुणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं. साल शके 1797, म्हणजे 1875. मग शंकाच राहिली नाही. 12 मे 1875ला त्याच तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकानं गाठली आणि कर्जखतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहास त्याला दख्खनचे दंगे म्हणतो. रोख सावकारावर होता, इंग्रजावर नव्हता. घरातल्या वाक्याला पहिला तडा इथे गेला.

ग्रंथालयात मी आधी 'केसरी' मागितला. ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, 'तो 1881 साली निघाला.' (हसू नका, तुम्हीही तोच मागितला असता.) मग 1849पासून पुण्यात निघणारा 'ज्ञानप्रकाश' काढला, मुंबईची इंग्रजी पत्रं काढली. देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकार करून घेत असे, तोही चाळला. मूळ अंक हरवला असला तर पुष्कळदा तोच हाताशी उरतो.

खरी पंचाईत नावाची. इंग्रजी पत्रांत 'सुपे'चं 'सुपा' होतं, मग माणसाचं काय होत असेल! त्यातून आडनावं क्वचितच छापत. 'अमका बिन तमका, राहणार अमुक गाव' एवढ्यावर माणूस ओळखायचा. एका गावात तीन रामजी निघाले, तेव्हा बापाच्या नावावरून आमचे ठरवले. मोडीतल्या घरच्या एका कागदावर ते नाव होतं, म्हणून जमलं.

अखेर सापडल्या त्या चार ओळी, आणि त्यांत 'लुटारू' हा शब्द. मी दोन दिवस नाराज होतो. पण एक ध्यानात ठेवा: बातमी बहुधा पोलिसांच्या तोंडून येते आणि धरपकडीची येते. सुटका झाली तर ती कोण छापणार? दंग्यांत 951 जण धरले, शिक्षा झाली सुमारे 500 जणांना. म्हणजे जवळजवळ निम्मे सुटले. पेपरात मात्र ते लुटारूच राहिले. म्हणून नाव सापडल्यावर थांबू नका, पुढचे दोन-तीन महिने चाळा. मी चाळले. आमचे सुटलेल्यांत नव्हते. सक्तमजुरी झाली होती.

सावकाराचीही बाजू होतीच. त्याच्या घरात त्या दिवशी पोरंबाळं असतील, हे मला त्या ओळी वाचतानाच पहिल्यांदा सुचलं.

आत्याला फोन करून सगळं वाचून दाखवलं. आरोपात खतं जाळल्याचं होतं, शिवाय धान्य आणि दोन तांब्याचे हंडे नेल्याचं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'अरे, त्यातला एक माळ्यावर आहे.'