कवेलूंखाली काय घालायचं?

मंडळी, कवेलू, म्हणजे छपराची कौलं, घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो, ठोकून आवाज ऐकतो, रंग जुळवतो. त्यांच्या खाली वाशांवर जे शीटचं सलग अस्तर ठोकायचं, ते मात्र ‘ठेकेदार बघून घेईल’ म्हणून सोडून देतो. हे अस्तर कुजलं की वरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

इंदूरच्या जुन्या कवेलूंच्या घरांत बहुधा असं अस्तर नसायचंच. आढं, वासे, रिपा आणि वर कवेलू. तुषार आत यायचे, पण फटींतून वारा खेळायचा आणि लाकूड सुकायचं. आता वरच्या खोलीत एसी हवा, धूळ नको, तेव्हा अस्तर लागतंच. फक्त ते किती मजबूत आहे याआधी, भिजल्यावर ते सुकणार कसं, हे विचारा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल. फुगणं आणि आकसणं दरवर्षीचं.

हे दोन तुकडे हातोहात पुढे द्या. दोन्ही प्लायवूडच. एकावर आयएस (भारतीय मानक) ३०३ आणि एमआर, म्हणजे ओलसरपणा सोसणारं, असा शिक्का आहे, दुसऱ्यावर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायवूड. एमआर कपाटाला ठीक; ते दमट हवा सोसतं, पाणी नाही. पावसात राहिलेल्या या तुकड्याची कड नखाने उचकटून बघा, थर सुटतात. ७१०चा चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. छपराला हेच घ्या, आणि ‘मरीन आहे साहेब’ एवढ्यावर न जाता शिक्का वाचा.

आठ बाय चारची शीट लांबीने वाशांना आडवी टाकायची, कारण तिची ताकद वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने असते. दोन शीटांत ३ मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर फुगल्यावर त्या एकमेकींना उचलतात. कापलेल्या कडांना प्रायमर लावून घ्या.

ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेली शीट, अमेरिकेत सर्रास वापरतात. पण भिजून कड फुगली की ती पूर्ववत बसत नाही. आपल्याकडे कवेलूंची गाडी अडते, मजूर गावी जातात आणि उघडी शीट पावसात पडून राहते. अशा कामाला मी ती सुचवणार नाही.

सिमेंटची पार्टिकल शीट वाळवी खात नाही, सहजी पेटत नाही. राजवाड्याच्या लाकडी मजल्यांचं १९८४च्या आगीत काय झालं, ते इथल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. वायरिंग छपरातून नेणार असाल तर या शीटचा जरूर विचार करा. वजन मात्र भारी. १२ मिलिमीटरची एक शीट साधारण ४५ किलो भरते, प्लायवूडच्या जवळपास दुप्पट. वाशांमधलं अंतर कमी ठेवावं लागतं, आणि स्क्रूआधी भोक पाडायलाच हवं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. अस्तरावर मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, टाकून सुतार थेट आडव्या रिपा ठोकतो. कवेलूंतून झिरपलेलं पाणी मग प्रत्येक रिपेमागे अडतं, खिळ्याच्या भोकातून उतरतं आणि चांगलं प्लायवूडही कुजतं. म्हणून आधी उताराच्या दिशेने उभ्या रिपा, त्यांवर आडव्या. पाणी सरळ पन्हळीत जाईल; वळचणीतून शिरलेली हवा आढ्याशी बाहेर पडेल. दोन्ही तोंडांना जाळी लावा, नाहीतर खारी घर करतील. लाकूड थोडं जास्त लागतं, पण इथे काटकसर करू नका.

आतून जिप्समचं सिलिंग करणार असाल तर वळचणीजवळ एक झडप ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर टॉर्च घेऊन आत बघा. डाग तेव्हाच दिसला, तर दोन-चार कवेलू सरकवून काम भागतं.