तिसरी सही

(दृश्य: नागपुरातल्या महाल भागातली गल्ली, तिन्हीसांजेची वेळ.)

गोष्ट उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची. मी ती वाचली नागपुरात, मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत.

जोन लिंगार्ड यांची ‘अक्रॉस द बॅरिकेड्स’ ही कादंबरी १९७२ची. सेडी प्रोटेस्टंट, केव्हिन कॅथलिक. दोघांचा येशू एकच. पण तिच्या वस्तीला ब्रिटनमध्येच राहायचंय आणि त्याच्या वस्तीला अखंड आयर्लंड हवाय. लिंगार्ड स्वतः बेलफास्टमध्ये वाढल्या. कोपऱ्यावर कोण उभं आहे, कोण घरी जाऊन चुगली करेल, हे त्यांना पक्कं ठाऊक. आपल्याला तरी ते कुठे समजावून सांगावं लागतं?

दोघांना भेटायला जागा नाही. सेडीचे जुने शिक्षक, मिस्टर ब्लेक, आपलं घर मोकळं करून देतात. धमक्या येतात, तरी दार बंद करत नाहीत. मग एका रात्री त्या घरावर पेट्रोल बॉम्ब पडतो. प्रेम करणारे वाचतात, दार उघडणारा जातो.

तिथे मी पुस्तक पालथं ठेवलं.

(दृश्य: विवाह नोंदणी कार्यालयाची भिंत, नोटिशींचे कागद.)

विशेष विवाह कायदा १९५४चा. धर्म न बदलता लग्न करता येतं. मात्र आधी नोटीस द्यायची. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, सगळं भिंतीवर. हरकत घ्यायला ३० दिवस. ते ३० दिवस काय असतात, ते मी शेजारच्या पोरीच्या डोळ्यांत पाहिलंय. जिन्यात पाऊल वाजलं तरी दचकायची.

लग्नाला साक्षीदार तीन लागतात. दोन मित्र होते. तिसऱ्याने आदल्या रात्री फोन बंद केला. मग मी गेले. माझा पेन चालेना, तर नवरदेवाने खिशातला काढला आणि टोपण दातांनीच उघडलं, कारण दुसऱ्या हातात तिच्या मोगऱ्याच्या गजऱ्याची पुडी होती.

घरी आई म्हणाली, “काहून गं, तुलेच पडली होती काय सही कराची?”

कादंबरीत सेडी-केव्हिन बोटीने इंग्लंडला निघतात. ही दोघं रात्रीच्या गाडीने पुण्याला गेली. फलाटावर पोरीने माझा हात घट्ट धरला.

“मावशी, आज दाराची कडी नीट लावून घ्या.”