बोडीतला बेडूक

रामराम मंडळी. परवा एका पोट्ट्याने विचारलं, बेडूक उभयचर की थंड रक्ताचा? अरे बाबा, दोन्ही! उभयचर म्हणजे पाण्यात अन् जमिनीवर दोन्हीकडे जगणारे. ते सगळेच थंड रक्ताचे, पण थंड रक्ताचे सगळे काही उभयचर नसतात, साप, सरडा, पाल, मासोळी हेही थंड रक्ताचेच ना.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. भंडाऱ्याकडे आमच्या गावात बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, गाळ काढणं सुरू होतं, मे महिना, घमेलं हातात धरवत नव्हतं. (आता जेसीबी लावतात, दोन तासात बोडी साफ, पण खाली कोण झोपलंय ते पाहतं कोण? मला हे बिलकुल पटत नाही, आपल्याकडचे जुने तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी हातानेच बांधलेत.) तर माझ्या फावड्यापुढे ढेकळासारखा एक बेडूक निघाला, डोळे मिटलेले, हात लावला तर माठासारखा गार. चुलतभावाने तो घमेल्यात टाकून उन्हात ठेवला, पाहू म्हणे जागा होते का. थोड्या वेळाने पाहतो तर तोच बेडूक तापलेला अन् कातडी सुकत चाललेली. आणि बाजूला पाळीवर सरडा मजेत मुंडी हलवत बसलेला, त्याच उन्हात!

आबाजी धावत आले. "काहून मारून रायला गा त्याले? पावसाची वाट पाहून रायला तो!" ओल्या गाळात ठेवला, वरून भिजवलेलं पोतं टाकलं.

आता पहा, बेडूक अन् सरडा दोघंही थंड रक्ताचे, म्हणजे अंगात स्वतःची ऊब तयार करून टिकवत नाहीत. आपलं अंग थंडीतही ३७ अंशाच्या आसपास, त्यांचं मात्र बाहेर जसं तसं. मे महिन्यात उन्हात त्यांचं रक्त गरमच असते, म्हणून मला तो थंड रक्त शब्दच आवडत नाही. फरक कातडीचा. सरड्याच्या अंगावर कोरडे खवले, पाणी फारसं उडत नाही. बेडूक उभयचर, तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, पाणीसुद्धा कातडीनेच पितो. म्हणून कातडी सुकली की बेडूक संपला.

मृगाचा पहिला दणका पाऊस झाला त्या रात्री बोडीतून असा डराव डराव आवाज, कोणाला झोप नाही. सकाळी पाहतो तर नर पिवळेधम्मक झालेले, गळ्याशी निळे फुगे. पोतं उचललं, खाली फक्त ओला खड्डा. आबाजी म्हणाले, "गेला गा, त्यातलाच एक असन."