साडेचौसष्टची मस्टँग: साल ओळखायचं कसं?

कापडी टप खाली केलेली, पांढऱ्या सीटची फोर्डची जुनी लाल मस्टँग गाडी बघितली की माणूस विरघळतोच, आणि विकणारा वर म्हणतो "ही साडेचौसष्टची आहे बरं का", की झालं, किंमत तिथेच चढते. गंमत अशी की फोर्डच्या कागदावर साडेचौसष्ट नावाचं साल कधी नव्हतंच. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये गाडी लोकांसमोर आली, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या गाड्या १९६५ च्याच म्हणून विकल्या. साडेचौसष्ट हे शौकिनांनी ठेवलेलं नाव, ऑगस्ट ६४ पर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी.

मग फरक कसा कळणार? बॉनेट उघडा. सुरुवातीच्या गाड्यांत चार्जिंगला डायनामो होता, नंतर अल्टरनेटर आला. पण डायनामो काय, कुणीही बदलतं, साठ वर्षांत दहा मेकॅनिकचे हात लागलेत गाडीला. म्हणून नंबर वाचा. ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटखालच्या आतल्या पत्र्यावर पंच केलेला असतो.

हा बघा, ५एफ०८एफ१००००१. पहिला ५ म्हणजे १९६५. एफ म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगनमधला डिअरबॉर्नचा कारखाना. ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, टप उघडणारी, आणि हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण साध्या टपाच्या गाडीचं छप्पर कापून कन्व्हर्टिबल बनवणारे महाभाग आहेत, तिथे ०७ निघतो. पाचव्या जागचं अक्षर इंजिनचं. तिथे यू, एफ किंवा डी असेल तर गाडी सुरुवातीची, सी, ए किंवा टी असेल तर नंतरची. के दिसला तर मात्र नुसत्या अक्षरावर ठरवू नका, तो दोन्हीकडे सापडतो.

आणि हा नंबर उगाच नाही घेतला, ही पहिल्या क्रमांकाची खरीखुरी गाडी आहे, पांढरी कन्व्हर्टिबल. दाखवायला म्हणून कॅनडात न्यूफाउंडलंडला पाठवली होती, विकायची नव्हतीच, पण तिथल्या डीलरने एका पायलटला विकून टाकली! फोर्डला ती परत मिळाली १९६६ मध्ये, तीही त्याला बदल्यात नवी मस्टँग देऊन. आता डिअरबॉर्नच्या म्युझियममध्ये आहे.

कारखान्याच्या जागी टी असेल तर गाडी मटचनची, आणि तो कारखाना होता न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये. हो, आपली मराठी मंडळी राहतात तेच एडिसन. तिथल्यांनी नंबर वाचताना तेवढं बघाच.

६५ आणि ६६ लांबून ओळखायला पुढची जाळी बघतात. ६५ ला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आणि मस्टँगची खूण असलेल्या घोड्याच्या चौकटीला चारी बाजूंनी क्रोमच्या पट्ट्या. ६६ ला बारीक आडव्या पट्ट्या, घोडा एकटाच तरंगल्यासारखा (जीटी या मॉडेलला फॉगलाइट होते, तिथे आडवी पट्टी राहिली). डॅशवर ६६ ला पाच गोल मीटर, साध्या ६५ ला लांबट आडवा स्पीडोमीटर. ६७ ला गाडी अंगाने भरली, टेललाइट आत दबले. ६८ ला पुढच्या फेंडरवर छोटे साइड लाइट, सरकारी नियम आला म्हणून.

पण माझं विचाराल तर साल नंतर, आधी पाण्याची बाटली काढा. काचेखाली वायपरजवळ हवा आत जायच्या फटी असतात, तिथे ओता आणि कार्पेट उचलून बघा. फटींखालचा पत्रा गंजला असेल तर पाणी थेट पायाशी येतं. आणि छप्पर नसलेल्या गाडीची सगळी ताकद फ्लोअर आणि दाराखालच्या पत्र्यातच असते, वरचा रंग कितीही चमको. मग दार हळूच लावा. दाराच्या मागच्या कडेची फट वर चिकटलेली आणि खाली बोट जाईल एवढी असेल तर गाडी मधून वाकलीये, मग ती साडेचौसष्टची असो की ६८ ची, चावी परत द्या.