नाईट किती?

आत्ता मंचावर येण्याआधी चहाच्या टेबलाशी एका मुलीनं मला विचारलं, "काका, संगीत नाटकात करिअर आहे का?" मी चहाचा कप तोंडाला लावून वेळ काढला. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. ग्रीन रूममध्ये नवा पोरगा आला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला हळूच विचारायचा, "नाईट किती देतात?" बाहेरच्यांसाठी सांगतो, नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. मग तो प्रयोग दुपारी चारचा का असेना. करिअर हा प्रश्न मोठा वाटतो, पण तो शेवटी नाईटपाशीच येऊन थांबतो. मला जे सांगता येईल ते त्या बाजूनंच.

मी नट नाही. मी ऑर्गन वाजवतो. जन्मभर पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, नाहीतर विंगेला लागून बसलो आणि गाणाऱ्यांच्या पाठी आणि टाचा बघितल्या. दिवसा बँकेत होतो. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल सांगितलं की लोकांना गंमत वाटते. माझ्या पिढीत त्यात गंमत काही नव्हती, सगळेच तसे होते.

पण सुरुवात तशी झालेली नाही. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत 'शाकुंतल' उभं केलं, त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं गाणारा नट म्हणजे कंपनीचा माणूस. कंपनी हा शब्द नीट ऐका. बिऱ्हाड तिथं, जेवण तिथं, तालीम तिथं, आजारपण तिथं. आज सांगलीला मुक्काम, पुढं हुबळी, मग मुंबई. गोड गळ्याचा पोरगा कुठं दिसला की मालकाचा माणूस त्याच्या आईबापांकडे जायचा. भाऊराव कोल्हटकर असेच बडोद्याहून आणलेले. नारायण राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि टिळकांनी दिलेलं बालगंधर्व हे नाव बरोबर घेऊन आला.

केशवराव भोसल्यांची गोष्ट मला कायम बोचते. हा तर अगदी लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाला. 'शारदा' नाटकात शारदा व्हायचा आणि 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणायला लागला की थिएटरात वन्स मोअर थांबत नसे. सतराव्या वर्षी, १ जानेवारी १९०८ ला, हुबळीला त्यानं स्वतःची ललितकलादर्श काढली. सतराव्या वर्षी मालक! आणि १९२१ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गेला. त्याआधी तीनच महिने, ८ जुलैला, मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' झालं होतं, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्या प्रयोगाबद्दल इतकं लिहिलंय की मी काही भर घालत नाही. मला दिसतं ते वेगळंच. ज्या वयात तुम्ही लोक 'आता काय करायचं' असा विचार सुरू करता, त्या वयात त्याचं सगळं करून झालं होतं.

आता ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत त्यांच्याबद्दल. कंपनीत आठ-दहा पोरं असायची. स्त्रीपार्ट करायला, सख्या व्हायला, नांदीला उभं राहायला. चौदा-पंधराव्या वर्षी आवाज फुटायचा. ते एक-दोन वर्षं मोठं बिकट प्रकरण. कालपर्यंत जो सुभद्रेची तालीम करत होता, तो एकदम ढोल्या आवाजात बोलायला लागतो. पुढं त्याचा गळा काय होईल ते देवालाच ठाऊक. तेव्हा कंपनी काय करायची? सगळ्याच देवमाणसं नव्हत्या, पण बऱ्याच ठिकाणी त्या पोराला हाकलत नसत. तो पडदे ओढी, कपडेपटाला जाई, तिकिटावर बसे, कुणी तबल्याला बसला, कुणी पेटीला. त्यातला एखादा दोन वर्षांनी नवा गळा घेऊन परत उभा राहायचा. म्हणजे शिकायच्या काळात आणि गळा गप्प असायच्या काळात पानावर भात पडत होता. मला विचाराल तर कंपनीची खरी किमया ही. पदांची आणि भरजरी शालूंची नंतर.

किमया म्हटलं तरी हिशेब होताच, आणि तो बहुतेक कंपन्यांचा चुकला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. साथीला थिरकवाँखाँसाहेबांसारखा तबलजी, अत्तरं, गालिचे, आणि डोक्यावर कर्ज. पुढं बोलपट आला. १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला आणि थिएटरवाल्यांच्या लक्षात आलं की एका कंपनीची चाळीस-पन्नास माणसं पोसण्यापेक्षा फिल्मचा एक डबा आणि एक यंत्र परवडतं. नाटकाची थिएटरं सिनेमाची झाली. मुक्काम टाकायला जागाच उरली नाही.

त्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र कोण होता? गोविंदराव टेंबे. माझा हा लाडका माणूस, कारण मुळात पेटीवाला. 'मानापमान'च्या चाली यांच्या. गंधर्व मंडळीत भागीदार, मग स्वतःची शिवराज नाटक मंडळी, त्यात गाणारा नट, मग पन्नाशीला आलेला असताना सिनेमाचा नायक आणि त्याच सिनेमाचा संगीतकार. लेखणीही उत्तम. आज याला पोर्टफोलिओ का काय म्हणतात ना, ते. पण मला वाटतं त्यांनी हे सगळं काही आखून केलेलं नव्हतं. पायाखालची फळी सरकली की पुढच्या फळीवर पाय, एवढंच.

तसेच विष्णुपंत पागनीस. तरुणपणी कंपनीत स्त्रीपार्ट, पुढं मुंबईत संगीतशिक्षक आणि भजनं. रंगभूमीच्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. आणि १९३६ ला प्रभात फिल्म कंपनीनं 'संत तुकाराम'मध्ये त्यांना तुकाराम केलं. तो सिनेमा मुंबईत वर्षभराहून जास्त चालला. तेव्हा बोलपटात गाणारा आणि दिसणारा माणूस एकच लागायचा, म्हणून नाटकवाल्यांना दार उघडं होतं. बालगंधर्वही १९३५ ला 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. पण त्या माणसाचा जीव तिथं रमला नाही, ते परत रंगमंचावर आले आणि वय झालं तरी शालू नेसत राहिले. मास्टर दीनानाथांनीही १९१८ ला काढलेली बळवंत मंडळी अखेरीस सिनेमाकडे वळवली. ते बुडाले. १९४२ ला गेले तेव्हा बेचाळीसही पूर्ण नव्हते, आणि त्याच वर्षी तेरा वर्षांची थोरली मुलगी सिनेमात काम करायला लागली. ती पुढं कोण झाली ते सांगायला नको.

बायकांची गोष्ट उलट दिशेनं जाते. पुरुषांची कंपनी मोडत होती तेव्हा त्यांचं दार उघडत होतं. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली ती १९२९ च्या सुमाराला, ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त आल्या आणि १९४२ ला 'कुलवधू'मध्ये 'बोला अमृत बोला' गायल्या. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ ला 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि मुली त्यातच वाढल्या. हा एक फार जुना मार्ग, घर हीच कंपनी. ज्यांना तसं घर मिळालं त्यांचं निभावलं. ज्यांना नाही त्या रेडिओवर गेल्या, शिकवण्या केल्या.

आता माझ्या काळाकडे येतो. १९६० चं 'पंडितराज जगन्नाथ', १९६४ चं 'मत्स्यगंधा', १९६७ च्या डिसेंबरातलं 'कट्यार काळजात घुसली'. लोक याला संगीत नाटकाचा दुसरा बहर म्हणतात. खरं आहे. पण या बहराला पाणी कुणी घातलं? सरकारी कचेऱ्यांनी, बँकांनी, विमा कंपन्यांनी, शाळांनी. वसंतराव देशपांड्यांसारख्या गवयानं कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. 'कट्यार'मधले त्यांचे खाँसाहेब आफताब हुसेन रंगमंचावर यायच्या आधी केवढ्या खतावण्या लिहून झाल्या असतील! नाईटवर घर चालत नव्हतं, महिन्याच्या पगारावर चालत होतं. 'मत्स्यगंधा'तल्या आशालताबाई पुढं सिनेमात गेल्या आणि तिथं आयुष्यभर चेहऱ्यावर काम मिळालं. गळ्याचं कुणी फार विचारलं नाही.

एक रात्र सांगतो. गोव्यात एका देवळाची जत्रा, 'सौभद्र'. गोव्यातलं जत्रेचं नाटक पालखी परतल्यावर सुरू होतं, म्हणजे बारा धरा. आमचा अर्जुन अठ्ठावन्न वर्षांचा, सरकारी कचेरीत वरचा कारकून, निवृत्तीला काही दिवस राहिलेले. नेहमी काळी एकमध्ये गायचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. तोंडाला रंग लावता लावता आरशातूनच मला म्हणाला, "आज पांढरी एक घे." मी काही बोललो नाही. अर्धाच स्वर खाली, पण वीस वर्षांत त्यानं कधी तो उतरवला नव्हता. पिटात जाऊन मी तबलजीच्या कानाशी सांगितलं, त्यानं हातोडी काढली आणि तबला उतरवला. दुसऱ्या अंकात तो वरच्या षड्जाला गेला तेव्हा मी ऑर्गनच्या भात्यावर पाय जरा जोरात मारले, त्याला टेकायला आधार मिळावा म्हणून. टाळी आली. कुणाला कळलं नाही असं मला वाटलं. पहाटे चहाच्या टपरीवर धोतरातले एक आजोबा माझ्याजवळ आले, म्हणाले, "आज पट्टी उतरली ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "त्याला सांगू नका मी विचारलं म्हणून." सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो, कारण त्याला दुपारी मस्टरवर सही करायची होती. तो खिडकीशी झोपला होता. घाईत पुसलेला रंग कानामागे तसाच होता.

त्यानंतर त्यानं तीन-चार वर्षं काम केलं आणि थांबला. पेन्शन होती म्हणून थांबता आलं. ज्यांना पेन्शन नव्हती ते थांबले नाहीत, त्यांना लोकांनी थांबवलं. ते बघायला वाईट असतं. ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिन्याला मानधन देतं, पण फॉर्म भरता भरता म्हातारा माणूस दमून जातो. एका वर्षी मी तिघांचे भरले, त्यात प्रयोगांचे पुरावे मागतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या जत्रेच्या नाटकाचा पुरावा कुठून आणायचा? हँडबिल? त्यात तर आम्ही वडे गुंडाळले.

आता तुमचा काळ. सिनेमानं संगीत नाटकाला परत उचललं असं म्हणतात. २०११ ला 'बालगंधर्व', २०१५ ला 'कट्यार'. दोन्ही मला आवडले, रडलोसुद्धा. पण पेटीवाल्याच्या कानानं ऐका. 'बालगंधर्व'मध्ये दिसतात सुबोध भावे, गातात आनंद भाटे. 'कट्यार'मध्ये खाँसाहेब दिसतात सचिन, गळा राहुल देशपांड्यांचा; सदाशिव दिसतात पुन्हा सुबोध, गळा महेश काळ्यांचा. पंडितजींचं काम करून स्वतःच गाणारे शंकर महादेवन तेवढे वेगळे. गाणाऱ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, योग्यच मिळाले. पण जे एका माणसाचं काम होतं ते दोघांत वाटून टाकलं. बाहेरही तेच. नाट्यसंगीताच्या मैफलीला हॉल भरतो. गायक बसून 'नाथ हा माझा' गातो, मधे निवेदिका कथा सांगते, अडीच तासांत माणसं घरी. नाटक करायचं तर दहा नट, साथीदार, पडदे, ट्रक. आयोजक मैफल घेतो, मी त्याला दोष देत नाही. मीही त्या मैफलींना वाजवतो आणि पाकीट नाटकापेक्षा जाड असतं. पण त्या गायकाला चालत चालत, समोरच्या नटीकडे बघत, तलवार सांभाळत तान घ्यायची वेळ येत नाही. ती सवय दोन-तीन वर्षांत जाते. मी बघितली आहे जाताना.

राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकं अजून होतात. रत्नागिरीत, गोव्यात, सांगलीकडे मुलं येतात, नोकऱ्या सांभाळून तालमी करतात. तिथं नाईट नाही. उलट पदरचे जातात. शनिवारी रात्री दहाला तालीम सुरू होते. त्यातली काही मुलं खरोखर चांगली गातात आणि उभीही राहतात. त्यांच्यापुढं काय, हे मी विचारलं की ती हसतात. एकजण म्हणाला, "काका, सध्या तरी ईएमआय आहे."

तर मघाच्या मुलीला. तू विचारलंस करिअर आहे का. तू दिवसा काय करतेस ते मी चहाच्या वेळी विचारायला विसरलो. नोकरी असेल तर सोडू नकोस, निदान मला विचारून तरी सोडू नकोस. आणि पट्टी कुठली? काळी चार? इथं विंगेत एक जुना ऑर्गन पडलाय, भाता एका बाजूनं फाटलाय पण मधलं सप्तक लागतं, मघाशीच बघून आलो. नाटकातलं एखादं पद येत असेल तर वर ये. बसून नाही म्हणायचं. त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत ये, आणि मुखडा इथं पोचल्यावर संपव. मी भाता धरतो.