घरी गाडी रंगवायची, तर सामान कोणतं?

मंडळी, घरच्या घरी गाडी रंगवायची ठरली की चर्चा सुरू होते ती शेडवरून. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो दाखवला की रंगवाला शेड मिसळून देतो. घोळ होतो तो खालच्या थरात. नवा रंग कशावर बसणार आहे आणि त्या थराला तो सोसणार आहे का, हे आधी बघा. बाकीचं सामान त्यावरून ठरतं.

त्यासाठी एक चाचणी करा. पांढरा सुती कपडा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवा, सहज नजरेला न पडणाऱ्या जागी जुन्या रंगावर थोडा वेळ दाबून धरा, मग घासा. कपड्याला रंग लागला आणि जागा चिकट झाली, तर तो रंग नुसतं थिनर उडून सुकलेला आहे. त्यावर जोरकस थिनरचा नवा हात मारलात, तर खालचा थर उठतो, सुरकुत्या पडतात. मग पुन्हा पत्र्यापासून सुरुवात. म्हणून असा थर आधीच खरवडून काढावा, या मताचा मी आहे. कपडा कोरा राहिला आणि जागा मऊही पडली नाही, तर जुना रंग पक्का आहे. तो नीट घासून त्यावर काम करता येतं.

आता मुख्य निवड: एनसी की पीयू (पॉलियुरेथेन)? 1920च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे रंग मोटारींवर आले आणि आठवडे चालणारं सुकवण्याचं काम तासांवर आलं. एनसीचा तो गुण आजही आहे. लवकर सुकतो, धूळ कमी बसते, ओघळ आला तर घासून काढता येतो. पण पेट्रोल सांडलं की डाग पडतो आणि चकाकी टिकवायला पॉलिश करत राहावं लागतं. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घातलेला पीयू टणक होतो, उन्हापावसात टिकतो. टिकाऊपणात एनसी त्याच्या जवळपासही येत नाही.

तरीही घरी पीयू मारायच्या आधी माझं एक ऐका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा बारीक फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी किंचित मात्राही त्रास देते. त्याच्या वासावर विसंबू नका, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. कापडी मास्क इथे बिनकामाचा. कोळशाच्या डबीचा मास्क कधी संपला हे कळत नाही. म्हणून रंगकामाच्या व्यावसायिक बूथमध्ये (बंदिस्त खोलीत) बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क घालतात. तो नसेल, तर पुट्टी, घासकाम, मास्किंग घरी करा आणि वरचा क्लिअर, म्हणजे शेडवरचा पारदर्शक थर, बूथमध्ये मारून घ्या. यात कमीपणा नाही. कामाचा मोठा वाटा तुमचाच असतो. पीयू सरफेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) आणि टूकेचे, म्हणजे हार्डनर मिसळायचे, स्प्रे कॅन यांनाही हाच नियम.

उघड्या पत्र्यावर मी इपॉक्सी प्रायमर पसंत करतो. त्याचा हार्डनर बहुधा अमाइनचा असतो, आयसोसायनेटचा नाही. तरी वाफांसाठी मास्क हवाच. हा प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो, गंज रोखतो. आम्लाने पत्रा किंचित कोरून धरणारा एच (etch) प्रायमरही चालतो, पण पॉलिस्टर पुट्टी थेट त्यावर लावू नका. आम्लामुळे पुट्टी नीट पिकत नाही आणि पुढे सुटून येते. बंपर प्लास्टिकचा असेल, तर त्यासाठीचा वेगळा प्लास्टिक प्रायमर घ्या, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात.

थिनर हवामान बघून घ्या. उन्हाळ्यात जलद थिनर वापरलं तर रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. गारठ्यात संथ थिनरने ओघळ येतात. दमट हवेत जलद थिनर घातलेल्या एनसीवर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर बाष्प बसतं.

क्लिअर आणि त्याचा हार्डनर एकाच कंपनीचे, डब्यावरच्या प्रमाणात, मापाच्या भांड्यातच मिसळा. जास्त हार्डनर म्हणजे जास्त टणक, असं होत नाही. आणि हार्डनर लहान डब्यातच घ्या. उघडलेल्या डब्यात हवेतला ओलावा शिरतो. हार्डनर गढूळ किंवा घट्ट दिसला, तर वापरू नका.